वेशीवरचा प्रश्न

मध्यरात्र उलटून गेलेली असते. मुंबईच्या विमानतळावर परदेशाहून आलेलीं दोन-तीन प्रचंड विमानें थोड्याथोड्या अंतरानें उतरतात आणि शेंकडों माणसें एका लांबरुंद दालनांत येऊन थबकतात. कोणाच्या खांद्यावर झोपलेलें मूल असतें. कोणी आखातांतील दोन वर्षांची मजुरी संपवून रत्नागिरीकडे निघालेला असतो. कोणी अमेरिकेंतील लेकीचें बाळंतपण आटोपून परतणारी आजी असते. समोर कांचेआड बसलेले अधिकारी, आणि त्यांच्यापुढें नागमोडी रांगा. बाजूलाच कांहीं दारें अशीं असतात कीं तेथें कोणी अधिकारी बसलेला नाहीं. प्रवासी पुढें जातो, पारपत्र कांचेवर ठेवतो, यंत्राकडे तोंड करून क्षणभर उभा राहतो, आणि दार आपोआप उघडतें. इकडे तास, तिकडे अर्धा मिनिट. हा भेद पाहून रांगेंतला मनुष्य चरफडतो आणि त्याला वाटतें कीं, हीं यंत्रें सर्वांना मिळालीं म्हणजे प्रश्न सुटला.

इतक्यानें प्रश्न सुटेल कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं रांगेच्या टोकाशीं विचारला जाणारा प्रश्न कोणता आहे, हें पाहिलें पाहिजे. तो फार जुना आहे. रात्रीं-अपरात्रीं वेशीशीं आलेल्या वाटसरूला गांवचा जागल्या जें विचारी, तेंच विमानतळावरचा अधिकारी विचारतो: ‘तूं कोण?’ या प्रश्नाचें उत्तर मनुष्यानें आधीं राजाच्या मुद्रेनें दिलें, मग सरकारी कागदानें दिलें, आणि आतां त्याला तें स्वतःच्या देहानें द्यावें लागत आहे. रांग हा या इतिहासाचा डोळ्यांना दिसणारा भाग होय. त्याचा दुसरा भाग असा कीं, हा प्रश्न सर्वांना सारख्याच रीतीनें कधींच विचारला गेलेला नाहीं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा एक स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी. जवळ मुद्रा असेल त्यालाच जनपदांत येतां-जातां यावें. मुद्रेवांचून फिरणाऱ्या स्वदेशीयास बारा पण दंड व्हावा. खोटी मुद्रा बाळगणाऱ्यास त्याहून कडक शिक्षा व्हावी, आणि तो परदेशीय असल्यास सर्वांत जबर दंड व्हावा, असा तेथें नियम आहे. मुद्रा तपासण्याचें काम विवीताध्यक्षाकडे, म्हणजे कुरणांवरील अधिकाऱ्याकडे, सोंपविलेलें आहे. शुल्क, दाखला, तपासनीस, बनावट दाखल्याचें पारिपत्य आणि आपला-परका हा भेद, हीं आजच्या व्यवस्थेचीं सर्व अंगें तेथें बीजरूपानें आढळतात.

मराठी दप्तरांत ‘दस्तक’ आणि ‘परवाना’ हे शब्द वारंवार भेटतात. समुद्रावरहि हीच रीत होती. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं अरबी समुद्रांतील गलबतांवर आपला कार्ताझ नांवाचा परवाना लादला; तो नसेल तें गलबत ते पकडीत. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं कोंकणच्या किनाऱ्यावर स्वतःचें दस्तक चालविलें आणि तें न घेणाऱ्या जहाजांना अडविलें. ज्याचें दस्तक चाले त्याची सत्ता, असा तो सरळ हिशेब होता. परंतु श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या कागदाचा रोख मुख्यतः मालावर, जकातीवर आणि गलबतावर असे. तो धारण करणाऱ्या मनुष्याचा चेहरा त्यांत नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यूरोपांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. घोडागाडीच्या काळांत नाक्यावर दिवसाकांठीं मोजकी माणसें येत. आगगाडीनें एकाच वेळीं शेंकडों उतारू सीमेवर आणून सोडण्यास सुरुवात केली. प्रत्येकाचा कागद वाचीत बसणें अशक्य झालें. तेव्हां फ्रान्सनें १८६० नंतरच्या दशकांत ही अट बरीचशी सैल केली आणि इतर देशांनींहि तोच मार्ग धरला. रशिया व तुर्कस्थान यांसारखे अपवाद सोडले तर १९१४ पर्यंत यूरोपांतील बहुतेक सीमा पारपत्रावांचून ओलांडतां येत. रांग लांबली म्हणून प्रश्न विचारणेंच सोडून दिलें, असें इतिहासांत एकदां घडलें आहे.

मात्र ही मोकळीक सर्वांकरितां नव्हती. त्याच काळांत हिंदुस्थानांतून मजुरांचीं जहाजें मॉरिशसकडे जात होतीं. १८३४ पासून तेथें करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली. कलकत्ता आणि मद्रास यांप्रमाणेंच मुंबई बंदरांतूनहि माणसें गेलीं, आणि त्यांत कोंकणांतील मराठी माणसें होतीं. त्यांचे वंशज आजहि त्या बेटावर मराठी म्हणून ओळखले जातात. पोर्ट लुई येथें १८४९ मध्यें बांधलेल्या ज्या ठाण्यावर त्यांची नोंद होई, तें ‘आप्रवासी घाट’ म्हणून २००६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झालें. मजूर उतरला कीं त्याला क्रमांक मिळे आणि तिकीट मिळे. १८६७ च्या कायद्यानें तर कराराची मुदत पुरी केलेल्या जुन्या मजुरासहि स्वतःचें छायाचित्र लावलेलें तिकीट जवळ बाळगणें भाग पडलें. पारपत्रावर छायाचित्र लावण्याचा प्रघात यूरोपांत पहिल्या महायुद्धांत पडला. उसाच्या मळ्यांतील हिंदी मजुराला तो जवळजवळ पन्नास वर्षें आधीं लागू झाला होता.

बोटांच्या ठशांची कथाहि अशीच आहे. १८५८ मध्यें बंगालमधील विल्यम हर्शल या इंग्रज अधिकाऱ्यानें एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. हेतु एवढाच कीं, त्यानें पुढें सही नाकारूं नये. त्यांतून ठशांवरून माणूस ओळखण्याची विद्या वाढली. हजारों ठशांतून नेमका एक हुडकून काढतां यावा, यासाठीं त्यांचें वर्गीकरण करण्याची पद्धति कलकत्त्यास बसविली गेली. तिचें श्रेय पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नांवावर जमा झालें. परंतु तीमागें अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कामगारांची बुद्धि होती. १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांचें कार्यालय निघालें. मग ती विद्या लंडनला गेली आणि हेन्री यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेंतहि पोंचली.

तेथें तिचा उपयोग कसा झाला, हें सर्वविश्रुत आहे. ट्रान्सवालच्या सरकारनें असा कायदा आणला कीं, तेथील हिंदी लोकांनीं आपली नोंद करावी, बोटांचे ठसे द्यावेत, आणि नोंदणीचा दाखला पोलीस मागेल तेव्हां दाखवावा. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या एम्पायर नाटकगृहांत हिंदी लोकांची सभा भरली आणि हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली गेली. सत्याग्रहाचा उगम त्या सभेंत आहे. म्हणजे गांधीजींचा पहिला मोठा लढा ओळखीच्या दाखल्यावरून झाला.

परंतु या लढ्यांतील एक बारकावा अनेकदां नजरेआड होतो. १९०८ च्या जानेवारींत जनरल स्मट्स यांच्याशीं तडजोड झाली: हिंदी लोकांनीं आपण होऊन नोंद करावी आणि सरकारनें सक्तीचा कायदा रद्द करावा. गांधीजींनीं ती मान्य केली. १० फेब्रुवारीस नोंदणीसाठीं जातांना त्यांच्यावर स्वकीयांपैकींच एकानें हल्ला केला, तरीहि त्यांनीं ठसे दिले. कायदा मात्र रद्द झाला नाहीं, आणि मग १६ ऑगस्ट १९०८ रोजीं हमीदिया मशिदीच्या आवारांत दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. याचा अर्थ गांधीजींची तक्रार शाईविषयीं नव्हती. एकाच जातीच्या लोकांना गुन्हेगार समजून त्यांच्याकडून सक्तीनें घेतलेला ठसा त्यांना अपमानकारक वाटला; संमतीनें दिलेला ठसा तसा वाटला नाहीं. आजच्या यंत्रांचा विचार करतांना हा भेद हातचा सोडतां कामा नये.

कागद पुरा असूनहि दार बंद ठेवतां येतें, हें कॅनडानें दाखविलें. १९०८ मध्यें तेथें नियम झाला कीं, येणाऱ्यानें आपल्या देशाहून मध्यें न थांबतां थेट प्रवास करून आलें पाहिजे. शब्द निरुपद्रवी दिसत. परंतु हिंदुस्थानांतून कॅनडास थेट जाणारी आगबोटच नव्हती. २३ मे १९१४ रोजीं कोमागाटा मारू ही आगबोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूवर बंदरांत आली. त्यांत बहुतेक पंजाबी शीख होते. दोन महिने ती किनाऱ्यासमोर उभी राहिली. मोजक्या लोकांनाच उतरूं दिलें आणि २३ जुलैस बोट परत लावली. कलकत्त्याजवळ बजबज येथें २९ सप्टेंबरला उतरतांना गोळीबार झाला आणि सुमारें वीस प्रवासी मारले गेले. १०२ वर्षांनीं, १८ मे २०१६ रोजीं, कॅनडाच्या पंतप्रधानांनीं लोकसभेंत या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. सीमेवरची सर्वांत लांब रांग ती हीच म्हणावी लागेल. तिच्यांतले लोक परतले ते मरणाच्या तोंडीं.

याच सुमारास पहिलें महायुद्ध पेटलें. हेरांच्या भीतीनें यूरोपांतील सरकारांनीं पारपत्राची सक्ती पुन्हां सुरू केली. युद्धापुरतीच ही व्यवस्था, असें सर्वांस वाटत होतें. ऑक्टोबर १९२० मध्यें राष्ट्रसंघानें पॅरिसला परिषद भरविली. तेथें जुनी मोकळीक परत यावी अशी इच्छा व्यक्त झाली, आणि तोंवर गैरसोय टळावी म्हणून सर्व देशांच्या पारपत्रांस एकच नमुना सुचविण्यात आला: ३२ पानांची पुस्तिका, ठराविक आकार, आणि मजकूर दोन भाषांत, पैकीं एक फ्रेंच. इच्छा कागदावर राहिली आणि नमुना मात्र जगानें उचलला. हिंदुस्थानांतहि १९२० सालीं पारपत्राचा कायदा झाला. तो स्वातंत्र्यानंतरहि चालू राहिला आणि १ सप्टेंबर २०२५ रोजीं नवा कायदा अंमलांत आला तेव्हां कोठें रद्द झाला. तात्पुरत्या म्हणून आलेल्या सरकारी तजविजी किती दीर्घायु असतात, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

आगगाडीनें जें एकदां केलें होतें, तेंच पुढें विमानानें केलें. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यांतच प्रवाशांचा विनाकारण खोळंबा होऊं नये असें कलम घातलें गेलें. त्या वेळचें विमान मोजकेच उतारू आणी. १९७० मध्यें बोइंग कंपनीचें जंबो विमान सेवेंत आलें आणि एका खेपेंत साडेतीनशेंच्या आसपास माणसें उतरूं लागलीं. हिशेब सोपा आहे. ३५० उतारू, ५ खिडक्या, आणि माणशीं १ मिनिट धरलें तर शेवटच्या माणसाची पाळी ७० मिनिटांनीं येते. प्रत्येकाला अर्धें मिनिट अधिक लागलें कीं ७० चीं १०५ होतात. तशीं तीन विमानें एकदम आलीं म्हणजे काय होईल, हें सांगावयास नको. आंतरराष्ट्रीय संघटनेनें मात्र आलेला प्रवासी ४५ मिनिटांत विमानतळाबाहेर पडावा, अशी शिफारस केली आहे. आगगाडीच्या वेळीं सरकारांनीं प्रश्न विचारणें सोडलें होतें. या वेळीं त्यांनीं प्रश्न कायम ठेवून तो विचारणारा बदलण्याचें ठरविलें.

त्याची पहिली पायरी १९८० सालीं पडली. पारपत्राच्या पानावर तळाशीं प्रत्येकीं ४४ अक्षरांच्या दोन ओळी छापाव्यात, म्हणजे त्या यंत्रास वाचतां येतील, असें ठरलें. आजहि प्रत्येकाच्या पारपत्रावर त्या दिसतात. त्यांत नांव, क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत असते; शिवाय मधूनमधून एक पडताळ्याचा अंक असतो. अक्षरांना ७, ३, १ अशा क्रमानें गुणून बेरीज केली आणि तिला दहानें भागलें म्हणजे जी बाकी उरते, तोच तो अंक. एखादें अक्षर चुकीचें वाचलें गेलें तर हिशेब जुळत नाहीं आणि यंत्र थांबतें. जुन्या दुकानदाराची खातेंवही तपासण्याची जी युक्ति, तिचीच ही जात. हातानें लिहिलेलीं पारपत्रें २४ नोव्हेंबर २०१५ नंतर जगांत चालेनाशीं झालीं. आपल्या देशाचीं पारपत्रें नाशिकच्या छापखान्यांत छापलीं जातात. २०२४ पासून मिळूं लागलेल्या नव्या पारपत्रांच्या वेष्टनांत एक बारीकशी चकती बसविलेली असते आणि तिच्यांत धारकाचा चेहरा व इतर माहिती सांठविलेली असते.

चेहराच कां निवडला, यालाहि कारण आहे. २००३ मध्यें आंतरराष्ट्रीय संघटनेनें ठसे, डोळ्यांतील बुबुळ आणि चेहरा यांचा विचार करून चेहऱ्याला अग्रस्थान दिलें. चेहरा मनुष्य उघडाच वागवतो, आणि पारपत्रावर तो आधींपासूनच होता. मग दारें बसूं लागलीं. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर २००१ मध्यें वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठीं बुबुळ ओळखणारा मार्ग निघाला; हाँगकाँगनें २००४ मध्यें आपल्या रहिवाशांसाठीं सीमेवर अंगठा ओळखणारीं दारें उघडलीं; ऑस्ट्रेलियानें २००७ मध्यें आणि इंग्लंडनें २००८ मध्यें चेहरा ओळखणारीं यंत्रें आणलीं. दिल्लीला २२ जून २०२४ रोजीं अशीं दारें सुरू झालीं आणि जानेवारी २०२५ मध्यें मुंबईसह आणखी सात शहरांत तीं आलीं. चेहरा व ठसे आधीं नोंदविलेल्या भारतीय नागरिकांना व परदेशस्थ भारतीयांना त्यांतून जातां येतें. यूरोपांतील बहुतेक देशांनीं १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या पाहुण्यांच्या पारपत्रावर शिक्का मारण्याऐवजीं त्यांचा चेहरा आणि ठसे नोंदविण्याची पद्धति टप्प्याटप्प्यानें सुरू केली. पहिल्या नोंदीला वेळ अधिक लागत असल्यामुळें कांहीं विमानतळांवर आरंभीं रांगा आखडण्याऐवजीं लांबल्याच.

या यंत्राच्या अंगीं सामर्थ्य आहे तशी मर्यादाहि आहे. तें ‘हा तोच’ असें कधींच सांगत नाहीं. चकतीमधील चेहरा आणि समोरचा चेहरा किती जुळतो, याचे तें गुण देतें, आणि किती गुणांना उत्तीर्ण समजावें, हें माणसानेंच आधीं ठरविलेलें असतें. मर्यादा सैल ठेवली तर तोतया आंत जाईल. कडक ठेवली तर खरा मनुष्य बाहेर राहील. शेंकडा दोनच प्रवासी अडतील असें धरलें, तरी ३५० उताऱ्यांच्या विमानांत सात जण दारापाशीं खिळून राहतात. सर्वच चेहऱ्यांना यंत्र सारखा न्याय देत नाहीं. अमेरिकन सरकारच्या मापनसंस्थेनें डिसेंबर २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, पुष्कळशा प्रणाली आशियाई आणि आफ्रिकन वंशाच्या चेहऱ्यांत गोऱ्यांपेक्षां अधिक वेळां एकाला दुसरा समजतात, असें आढळलें. बोटांचें म्हणाल तर जन्मभर विटा वाहिलेल्या, भांडीं घासलेल्या किंवा नांगर धरलेल्या हातांवरच्या रेषा झिजून जातात. आणि यंत्र बंद पडलें म्हणजे सगळाच कारभार थांबतो: मे २०२३ आणि मे २०२४ मध्यें इंग्लंडभर हीं दारें एकाएकीं बंद पडलीं, तेव्हां प्रवासी तासच्या तास ताटकळले.

या सर्व इतिहासांत कायद्याचाहि एक धागा आहे. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षें पारपत्र देणें न देणें सरकारच्या मर्जीवर होतें. एप्रिल १९६७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सतवंत सिंग सॉनी यांच्या खटल्यांत निर्णय दिला कीं, परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावांचून तो कोणास नाकारतां येत नाहीं. त्याच वर्षीं पारपत्राचा नवा कायदा झाला. अर्ज करणाऱ्याची याचना संपून त्याला हक्क मिळाला.

तरी पण समता पुरी झाली नाहीं. १९८३ च्या कायद्यान्वयें आखातासारख्या कांहीं देशांत मजुरीस जाणाऱ्या, मॅट्रिक न झालेल्या मनुष्याच्या पारपत्रावर वेगळी खूण आली. त्याला जाण्यापूर्वीं एका संरक्षक अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. हा संरक्षक नवा नव्हे. मॉरिशसला मजूर धाडले जात त्या काळींच हें पद निर्माण झालें होतें. हेतु चांगला आहे: दलालांनीं अडाणी माणसाला फसवूं नये. परंतु २०१८ च्या जानेवारींत सरकारनें अशा लोकांना नारिंगी रंगाचें वेगळें पारपत्र देण्याचें जाहीर केलें, तेव्हां देशांत गिल्ला झाला. शिक्षण कमी म्हणून मनुष्याच्या हातीं दुरून ओळखूं येणारें चिन्ह कां द्यावें, असा लोकांचा सवाल होता. महिना संपण्यापूर्वींच सरकारनें तो बेत सोडला. ट्रान्सवालच्या होळीची धग अद्याप विझलेली नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

तेव्हां रांग आखूड करणारें यंत्र वाईट, असें म्हणण्याचें कारण नाहीं. तीन वर्षांच्या मुलाला पहांटे दोनपर्यंत उभें ठेवण्यांत कोणतेंहि राष्ट्रहित नाहीं. परंतु यंत्राचें माप केवळ मिनिटांनीं घेऊं नये. नोंद आपखुशीनें होते कीं गळ्यांत पडते. दिलेला चेहरा आणि ठसा कोठें आणि किती काळ सांठविला जातो, हें देणाऱ्यास सांगितलें जातें कीं नाहीं. आणि ज्याच्यासाठीं दार उघडलें नाहीं त्याची विचारपूस करणारें कोणी तेथें आहे कीं नाहीं, हेहि विचारलें पाहिजे.

आखातांतून परतणारा तो रत्नागिरीचा मजूर एखाद्या रात्रीं अशा दारापाशीं येईल. तो झिजलेला अंगठा कांचेवर टेकील आणि लाल दिवा लागेल. पुन्हां टेकील, पुन्हां लाल दिवा लागेल. मागचे लोक कुजबुजूं लागतील. त्या वेळीं शेजारच्या खिडकींत एक शहाणा अधिकारी बसलेला असला, त्यानें त्याचें पारपत्र हातांत घेऊन चेहऱ्याकडे नीट पाहिलें आणि ‘या काका, इकडून या’ एवढे शब्द उच्चारले, तर तो मनुष्य आपल्या देशांत परत आला, असें म्हणतां येईल.